‘पोटात दुखतंय’ म्हणजे नेमकं कुठं?



या ब्लॉगवर आपण नेहमी एखादा आजार घेतो. तो का होतो, कसा ओळखायचा आणि कधी धावपळ करायची, हे बघतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आजार डॉक्टरांना सांगायचा कसा, आणि तरुण मुलं आणि तरुण मुली तो किती वेगवेगळ्या पद्धतीनं सांगतात किंवा लपवतात, याबद्दल बोलू. यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो. (रुग्णांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पावसाळ्यातली ती संध्याकाळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खापरखेड्यातला माझा दवाखाना. पावसाळ्यात ताप, हगवण आणि खोकल्याची गर्दी कशी असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरच्या बाकांवर वीसेक माणसं असतील. एकोणीस वर्षांचा मुलगा आईबरोबर आत आला. आयटीआय झालेला, नुकताच कामाला लागलेला, अंगानं धडधाकट.

“काय होतंय?”

“पोट दुखून राह्यलं जी.” हात बेंबीच्या बराच खाली होता. दोनदा उलटी झाली होती.

“कधीपासून?”

“तीन वाजतापासून.” तेव्हा सात वाजले होते.

“काय खाल्लं होतं?” मी त्याला विचारलं, उत्तर आईनं दिलं. “काल दोस्ताइसंगं सावजीत जेवला ना जी. तिखट झेपलं नसन.”

मी शर्ट वर करून पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या, दोन दिवस भात-ताक खायला सांगितलं. तो दारापाशी एक क्षण थांबला. मी म्हणालो, “अजून काही?” तो म्हणाला, “नाही जी.” पुढचा पेशंट आत आला.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच आला, पाय फाकवून चालत. सिस्टरना बाहेर पाठवा म्हणाला. मग सांगितलं. दुखणं पोटात नव्हतंच. डाव्या अंडकोषात अचानक कळ आली होती आणि तिथून पोटात चढली होती. आता सूज होती, कातडी लाल झाली होती. ताबडतोब नागपूरला पाठवलं. शस्त्रक्रिया झाली, पण तो अंडकोष काळा पडलेला होता. काढावा लागला.

नंतर मी त्याला विचारलं, “पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?”

“आई होती ना जी सोबत.” थोडं थांबून म्हणाला, “अन् तुमी बी तं इचारलं नाही.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. उलटी आणि ओटीपोटात कळ घेऊन आलेल्या तरुण मुलाचे अंडकोष तपासायचेच असतात, हे आम्हाला पुस्तकात शिकवलेलं असतं. मी तपासले नाहीत. गर्दी होती, आई उभी होती, आणि मलाही ते विचारणं तेव्हा अवघड वाटलं. त्याची लाज आणि माझा संकोच, दोन्ही एकाच खोलीत होते.

नेमकं झालं काय होतं?

अंडकोष एका दोरीसारख्या नाळेला लटकलेला असतो. त्या नाळेतूनच त्याला रक्त मिळतं. काही मुलांमध्ये तो आतून नीट चिकटलेला नसतो, त्यामुळे नाळेला पीळ बसू शकतो. ओला कपडा पिळावा तशी नाळ पिळली जाते आणि रक्तपुरवठा थांबतो. साधारण १२ ते १८ या वयात हे जास्त दिसतं, पण विशीतही होतं. मार लागायलाच हवा असं नाही, झोपेतही होऊ शकतं.

पीळ सहा तासांच्या आत सोडवला तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो. चोवीस तासांनंतर वाचण्याची शक्यता फार थोडी उरते. हा मुलगा माझ्याकडे चौथ्या तासाला आला होता. खापरखेड्याहून नागपूर वीसेक किलोमीटर. हिशेब तुम्हीच करा. मी तो अनेकदा केला आहे.

एक दिलासा इथंच देऊन ठेवतो, कारण त्याचा पुढचा प्रश्न तोच होता: “आता लग्नाचं काय?” उरलेला एक अंडकोष निरोगी असेल तर पुरुषी संप्रेरकं आणि मूल होणं या दोन्हींसाठी बहुतेकदा तो पुरेसा असतो. दुसऱ्या बाजूला पीळ बसू नये म्हणून सर्जन त्याच वेळी तोही टाके घालून पक्का करतात.

आणि ती मुलगी

त्याच वर्षी एक वीस वर्षांची मुलगी यायची. रोज बसनं नागपूरला कॉलेजला जाणारी. तो मुलगा एकदा येऊन गप्प झाला होता. ही तीन महिन्यांत चार वेळा आली. म्हणजे मदत मागण्यात ही पुढे, असं कुणीही म्हणेल. पण चारही वेळा आई सोबत होती आणि चारही वेळा बोलली ती आईच.

“हिले चक्कर येते. जेवतच नाही बराबर. दिवसभर मोबाइल.”

“पाळी नियमित आहे का?”

“हो जी, बराबर महिन्याले येते.” मुलगी फरशीकडे बघत होती.

हिमोग्लोबिन साडेसहा. लोहाच्या गोळ्या दिल्या. थोडं वाढलं, पुन्हा घसरलं. मी ओरडलो, गोळ्या खात नाहीस म्हणून. एके दिवशी आई औषधं आणायला शेजारच्या मेडिकलमध्ये गेली. दोन मिनिटं मिळाली. तेवढ्यात मुलगी भरभर बोलली. पाळी येते महिन्यालाच, पण नऊ-दहा दिवस जाते. दिवसाला आठ पॅड लागतात, रात्री उठून बदलावी लागतात. त्या दिवसांत कॉलेज बुडतं. चौदाव्या वर्षापासून असंच आहे.

आई परत आल्यावर मी हे मुलीच्या परवानगीनं तिच्यासमोर बोललो. आई म्हणाली, “त्यात काय जी, आमच्या घरात सगळ्याइचंच असं आहे. माह्यं बी असंच होतं. चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली तवा सुटली.”

हे वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवलं. ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून आई जे झटकून टाकत होती, तेच निदान होतं. मुलीच्या रक्त गोठण्याच्या तपासण्या नागपूरला झाल्या. व्हॉन विलेब्रँड नावाचा आनुवंशिक दोष निघाला. यात रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन कमी असतं किंवा नीट काम करत नाही. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्तस्राव होत असेल, घरात इतर बायकांनाही तसंच असेल, दात काढल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, तर याची शंका घ्यायची असते. उपचार आहेत. आज ती मुलगी नोकरी करते.

तिच्या आईची मात्र गर्भपिशवी गेली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

‘मुली बोलतात, मुलं बोलत नाहीत’ हे कितपत खरं?

अर्धं खरं आहे. तरुण मुलगा येतच नाही, आला तर उशिरा येतो आणि एकटा येतो. तरुण मुलगी लवकर येते, पण तिचं तोंड दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असतं. एकाला सोबत नसते, दुसरीला आवाज नसतो.

आपल्याच विदर्भातलं उदाहरण घ्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार होता. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. बायका दवाखान्यात जात नव्हत्या असं नाही, पण ‘त्या’ दुखण्यासाठी जात नव्हत्या.

आज काय स्थिती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना आणि २५ टक्के पुरुषांना रक्तक्षय आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक बायका थकलेल्या आहेत आणि ‘बाईला थकवा असतोच’ म्हणून गप्प आहेत.

आता पुरुषांकडे बघू. २०१९-२१ च्याच राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात क्षयाचं प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा बरंच जास्त आढळलं. आणि क्षयाची लक्षणं असलेल्या लोकांपैकी ६४ टक्के उपचार घ्यायला कुठंच गेलेले नव्हते. बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केलं होतं. आपल्या भागात तर खोकला आला की ‘राखड उडते, कोळशाची धूळ आहे’ हे उत्तर तयारच असतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला ते उत्तर चालत नाही. थुंकी तपासा.

असं का होतं?

मुलांचा स्वभावच तसा, असं म्हणून मी हे सोडून देत नाही. दार कुणासाठी कुठं उघडं आहे, तेही बघायला हवं.

मुलीच्या घरी आशाताई येते. अंगणवाडी आहे, उपकेंद्रात सिस्टर आहे. २००५ पासून आशाताईंनी गावोगाव केलेलं काम मोठं आहे. पण ही सगळी दारं मुख्यतः बाळंतपणाच्या वाटेवरची आहेत. लग्न न झालेल्या वीस वर्षांच्या मुलीनं एकटीनं ‘बाईच्या डॉक्टर’कडे जायचं म्हटलं की गावाच्या भुवया वर जातात. म्हणून सोबत आई, मावशी किंवा वहिनी असते. त्या सोबतीचा आधार असतो आणि पहाराही असतो.

मुलाचं काय? सोळाव्या वर्षी धनुर्वाताची लस झाली की त्यानंतर त्याच्या तब्येतीची विचारपूस करायला कुणी येत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम मुलगे-मुली दोघांसाठी आहे, पण तो १९ वर्षांपर्यंत. सरकारी रुग्णालयातलं ‘मैत्री’ क्लिनिक त्यातलंच. किती मुलांना ते माहीत आहे? माझ्याकडे विशीतला मुलगा येतो तो तीन कारणांनी: मार लागला म्हणून, ताप आला म्हणून, किंवा नोकरीसाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं म्हणून. तिसऱ्या कारणानं येतो तेव्हा तर सगळं ठणठणीत आहे असं सांगण्यातच त्याचा फायदा असतो.

आमच्या खापरखेड्यात ‘पाळी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पावर हाऊस आणि कोळसा खाणींचं हे गाव, त्यामुळे पुरुषांची पाळी म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी. पाळी चुकली की रोजी बुडते, म्हणून मुलगा दवाखान्यात येत नाही. मुलीची पाळी चुकली की घरात वादळ उठतं, म्हणून तीही येत नाही.

मग विचारतात कुणाला? मुली मैत्रिणीला, वहिनीला, कधी आशाताईला. तिथं निदान ऐकून घेणारं माणूस असतं. मुलं विचारतात मोबाइलला, पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता मित्राला, नाहीतर भिंतीवरच्या ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’वाल्याला. झोपेत वीर्य गेल्यानं अशक्तपणा येतो या भीतीनं हजारो रुपये घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. झोपेत वीर्य जाणं ही नैसर्गिक गोष्ट आहे, त्यानं अशक्तपणा येत नाही. या भीतीनं खचलेल्या रुग्णांच्या अवस्थेला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. साठहून अधिक वर्षं झाली, भिंतीवरच्या जाहिराती तशाच आहेत.

मराठी माणसाला हे प्रश्न विचारायची सोय एकेकाळी टपालानं होती. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना स्वच्छ उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, पण मासिक १९५३ पर्यंत चाललं. उत्तर देणाराच दंड भरत असेल, तर विचारणाऱ्याची लाज कशी जाणार?

मन दुखतं तेव्हा

इथं तर फरक जिवावर बेततो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात आत्महत्येनं गेलेल्यांत १,२२,७२४ पुरुष होते आणि ४८,१७२ स्त्रिया. राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. याचा अर्थ स्त्रियांना त्रास कमी होतो असा मुळीच नाही. मदतीपर्यंत पोचण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, हा एक अर्थ नक्की आहे.

माझ्या समोर उदास मुलगी ‘डोकं दुखतं, धडधडतं, हातपाय गळतात’ असं सांगते. उदास मुलगा बहुतेकदा ‘ॲसिडिटी आहे, झोप येत नाही’ म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही आणि घरचे सांगतात की चिडचिड वाढली, दारू वाढली. मुलीला आम्ही ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून परत पाठवतो, मुलाला गोळी देऊन. दोघांनाही विचारायचा प्रश्न एकच असतो: ‘जगणं नको वाटतं का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

१४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मोबाइलमध्ये आत्ताच जतन करून ठेवा.

मी आता काय करतो, आणि तुम्ही काय करायचं

त्या मुलानंतर मी एक नियम केला. पंधरा ते तीस वयाचा कुणीही आला की सोबतच्या माणसाला नम्रपणे बाहेर बसायला सांगतो. “दोन मिनिटं. हे मी सगळ्यांनाच सांगतो.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यामुळे कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. मुलीला तपासायचं असेल तर सिस्टर आत असतात. मग आईला पुन्हा बोलावतो आणि घरातल्या आजारांचं विचारतो, कारण ते आईलाच माहीत असतं.

आता तुमच्यासाठी.

१. लाज वाटत असेल तर तेच पहिलं वाक्य करा: “डॉक्टर, सांगायला लाज वाटते, पण...” आम्ही लगेच सावध होतो. बोलणं जमत नसेल तर मोबाइलवर लिहा आणि दाखवा.

२. ‘पोट’ म्हणू नका. बोट ठेवून जागा दाखवा. आमच्यासाठी तो शरीराचा एक भाग असतो, गुडघ्यासारखाच.

३. अठरा वर्षं पूर्ण असतील तर तुम्ही एकटे किंवा एकट्या येऊ शकता. तुमची माहिती घरच्यांना तुमच्या संमतीशिवाय सांगायची नाही, हे डॉक्टरवर बंधन आहे. सज्ञान स्त्रीला कायदेशीर गर्भपातासाठीसुद्धा फक्त स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा वडिलांची सही कायद्यानं लागत नाही.

४. मुलांनो, अंडकोषात अचानक कळ आली, उलटी होते आहे, तर सकाळची वाट बघू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच तासाला निघा. दुखत नसलेली कडक गाठ लागली तरी दाखवा.

५. मुलींनो, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर ‘घरात सगळ्यांनाच होतं’ हेही डॉक्टरांना सांगा. तासाभरात पॅड पूर्ण भिजतं आहे आणि हे थांबत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्या विदर्भात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. रक्त वाढत नसेल तर तीही तपासणी करून घ्या.

६. आई-वडिलांनो, बाहेर बसायला सांगितलं म्हणून रागावू नका. मुलांना दवाखान्यापर्यंत तुम्हीच आणलंय, पुढची दोन मिनिटं त्यांना द्या.

शेवटी

तो मुलगा अजून खापरखेड्यातच आहे. लग्न झालं, एक मुलगी आहे. मागच्या दिवाळीच्या आसपास तो धाकट्या भावाला घेऊन आला. भाऊ सतरा वर्षांचा, मान खाली घातलेला. मी काही म्हणायच्या आधीच मोठा म्हणाला, “सायबाले खरं सांग बे. जागा दाखव. मी बाहेर बसतो.”

आणि दार ओढून घेतलं.

भावाला साधं गजकर्ण झालं होतं, जांघेत. मलमानं बरं झालं.

काळजी घ्या. आणि विचारा.